दीडशे काडतुसं आणि सुलक्षणा परब

सुलक्षणा परबला दुपारी घरात आडवं पडलेलं कोणी पाहिलेलं नाही. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या त्या दोन खोल्यांत ती जरा कुठे टेकली, की कोणाला तरी चहा आठवतो, कोणाचा तरी मोजा हरवतो, नाहीतर कुरियरवाला येतो. त्यामुळे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मुलुंडच्या रायफल रेंजवर तिला जेव्हा सांगण्यात आलं, की चटईवर पालथ्या पडा, कोपरं टेका, श्वास हळू सोडा आणि कोणी हाक मारली तरी हलू नका, तेव्हा हा खेळ आहे यावर तिचा विश्वासच बसेना. तिला ती सुट्टीच वाटली.

ती तिथे गेली होती मुलीला घेऊन. प्रांजल तेव्हा दहा वर्षांची होती, उन्हाळी शिबिरात नाव घातलं होतं. चौथ्या दिवशी प्रांजलला कंटाळा आला. शिबिर होतं वीस दिवसांचं. पैसे भरलेलं शिबिर फुकट घालवणं सुलक्षणाच्या रक्तात नव्हतं, म्हणून उरलेले सोळा दिवस तीच गेली. पुढे छऱ्याची बंदूक सुटली, पन्नास मीटरवर मारायची खरी रायफल आली, परवाना आला, पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना सोलकढी पाजली, आणि बघता बघता नऊ वर्षं झाली. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे, रविवारी मुलुंडला जाऊन पालथं पडायचं, असं तिचं आयुष्य चाललं होतं.

नेम तिचा चांगला होता. वाईट होती ती काडतुसं. म्हणजे असं ती म्हणायची.

आता हे थोडं समजून घ्यायला हवं. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच रंगाच्या खोक्यातलं काडतूस असलं, तरी कारखान्यात ज्या खेपेला ते बनलं, तिचा नंबर खोक्यावर छापलेला असतो. त्याला म्हणतात लॉट. एका लॉटची काडतुसं एका रायफलला मानवतात, शेजारच्या रायफलला मानवत नाहीत. का, ते कोणाला सांगता येत नाही. म्हणून नवा माल आला की रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची आणि प्रत्येक लॉटची दहा-दहा काडतुसं उडवून बघायची. दहाही भोकं शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत पडली तर लॉट आपला. पापडाएवढी पसरली तर दुसऱ्याचा.

एवढ्यावर सगळे थांबतात. सुलक्षणा थांबत नसे. निवडलेल्या लॉटमधलं एकेक काडतूस ती घरी सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलायची आणि वजनाप्रमाणे मसाल्याच्या जुन्या डब्यातल्या सात वाट्यांत वेगवेगळं ठेवायची. मोहरीच्या वाटीत सगळ्यात हलकी, गरम मसाल्याच्या वाटीत सगळ्यात जड, आणि मधल्या हळदीच्या वाटीत अगदी बरोब्बर वजनाची, स्पर्धेसाठी.

इतकं करूनही गुण कमी पडले, की कारण तयार असायचं. लॉट थंडीत बनलेला होता. गोळ्यांवरचं मेण उन्हाने मऊ झालं. खोकं कोणीतरी आपटलं असणार. नवरा देवेश विमा कंपनीत दावे तपासायच्या कामावर होता, त्यामुळे कारणं ऐकायची त्याला सवय होती.

"खोकं आपटल्याचा काही पुरावा?" तो जेवता जेवता विचारायचा.

"तू भात घे."

रेंजवरचे शिक्षक भीमराज सोनवणे इतके सोशिक नव्हते. राज्य राखीव दलातून निवृत्त झालेला माणूस, आवाज अजून मैदानावरचा. "मॅडम," ते म्हणायचे, "काडतुसाला हात नाहीत, पाय नाहीत, डोकं नाही. तुम्हाला तिन्ही आहेत."

"पण सर, ती चौतिसावी आपोआप खाली गेली."

"आपोआप फक्त नळाचं पाणी जातं."

यंदाच्या मार्चमध्ये मात्र तिचं खरोखर थोडक्यात हुकलं. वयस्कर गटातून राष्ट्रीय स्पर्धेला जायला साठ गोळ्यांत सहाशे पाच गुण हवेत. एका गोळीला जास्तीत जास्त दहा पॉइंट नऊ. सुलक्षणाचे झाले सहाशे तीन पॉइंट आठ. सव्वा गुणही कमी नाही. त्या दिवशी ती घरी आली आणि ओट्याशी उभी राहून नुसतीच नळाकडे बघत राहिली. सासूबाई तिथेच बसून कोथिंबीर निवडत होत्या. सुनेची बंदूक हा विषय त्यांनी नऊ वर्षं टाळला होता. सोसायटीत कोणी विचारलं, तर "ती खेळाक जाता" एवढंच सांगायच्या. बुद्धिबळाला जाते की बॅडमिंटनला, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

पुढची संधी होती ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर दोन वर्षं वयस्कर गटाची निवड होणारच नाही, असं पत्रक निघालं होतं. म्हणजे आत्ता, नाहीतर पंचावन्नाव्या वर्षी. आणि तिचा डावा खांदा तर आत्ताच कुरकुरत होता.

सप्टेंबरमध्ये क्लबात तीन लॉट आले. सुलक्षणाने तिन्ही तपासले. सत्तेचाळीस नंबरचा लॉट तिच्या रायफलला असा लागू पडला, की दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक. भीमराज सरांनी चष्मा काढून बघितलं. "झकास," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी आधी कधी वापरला होता, ते कोणाला आठवत नव्हतं. उलट बारा नंबरचा लॉट म्हणजे घाण. नऊ गोळ्या सरळ, दहावी भलतीकडेच. तिसरा लॉट बाकीच्यांनी वाटून घेतला; बारा नंबर कोणी घेतलाच नाही, त्याची खोकी कपाटात तशीच पडून राहिली. सत्तेचाळीसची तीनच खोकी शिल्लक होती, म्हणजे दीडशे काडतुसं. ती तिन्ही सुलक्षणाने उचलली.

दोन रविवार काटा घेऊन बसून तिने दीडशे तोलली. हळदीच्या वाटीत ब्याऐंशी जमली. डबा तिने लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये ठेवला, सासूबाईंच्या पाटल्यांशेजारी. त्या घरात कुलपाची जागा ती एकच होती. चावी सासूबाईंच्या कमरेला.

खंडेनवमीच्या दिवशी लॅबला सुट्टी नव्हती. लोकांची साखर सण बघून थांबत नाही. सुलक्षणा साडेपाचला घरी आली, चपला काढल्या, आणि देव्हाऱ्यासमोर थबकली.

पाटावर दरवर्षीप्रमाणे विळी होती, सुरी होती, देवेशचा लॅपटॉप होता, प्रांजलची इंजिनिअरिंगची पुस्तकं होती, शिवणाच्या मशीनची कात्री होती. आणि मधोमध, परातीत, झेंडूच्या पाकळ्यांत, दीडशे काडतुसं. चमकणारी, उभी, ओळीने मांडलेली. प्रत्येकाच्या टोकावर हळदीचा एक ठिपका आणि त्याच्यावर कुंकवाचा एक. शिवाय वरून अक्षता.

"आई," सुलक्षणा म्हणाली. आवाज कुठून आला, ते तिलाही कळलं नाही.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. चेहरा घामेजलेला, आणि उजव्या हाताची अनामिका लालपिवळी. "इलंस? बघ. दोन तास लागले माका. एक पण सोडूक नाय."

"सगळ्यांना लावलंत?"

"मगे? एकाक लावूचा, दुसऱ्याक नाय, असा कसा? हत्यारांची पूजा ना ही? विळयेची करतव, तुझ्या वस्तूची नको?" त्यांनी परातीतली एक पाकळी सारखी केली. "मार्चात तुझा थोडक्यासाठी गेला ना. तेव्हापासून मनात होता माझ्या."

नऊ वर्षं जिने बंदूक हा शब्द उच्चारला नव्हता, तिने दोन तास गुडघे दुखवून दीडशे टिळे लावले होते.

"डब्यातल्या वाट्या...?"

"त्यो मसाल्याचो डबो? देवाक काय मसाल्याच्या डब्यात बसवतत? सगळा एकत्र करून डबो घासून ठेवलंय."

प्रांजल दारात उभी राहून हे बघत होती. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "वाट लागली," ती पुटपुटली.

सुलक्षणा बाल्कनीत गेली, दार लावून घेतलं आणि भीमराज सरांना फोन लावला.

"किती?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"दीडशेच्या दीडशे."

"ओलं की कोरडं?"

"ओलं. हळद पाण्यात कालवलेली."

"हळदीत कण असतात मॅडम. नळीत गेले तर नळी ओरबाडेल. पुसून काढलं तर वरचं मेण जाईल, आणि मेण गेलं तर गोळी कुठे जाईल ते तिलाच ठाऊक. वापरायचं नाही. एकही नाही."

"मग मी काय मारू?"

"बारा नंबर आहे की. हवं तेवढं."

"सर!"

"उद्या सकाळी मी विहारात आहे, धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम. पाचनंतर क्लबात या. ती दीडशे घेऊन या, नोंद करून कपाटात ठेवावी लागतील. आणि मॅडम, कुठे विसर्जन वगैरे करू नका. पवईच्या तलावात जिवंत काडतुसं सापडली तर तुमच्याआधी मला उचलतील."

दसऱ्याच्या संध्याकाळी ती डबा घेऊन गेली. सासूबाईंना सांगितलं, की सरांना दाखवून आणते. खोटं नव्हतंच ते. भीमराज सर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. त्यांनी एक काडतूस उजेडात धरलं, मग दुसरं, मग एकदम दहा.

"बघा," ते म्हणाले. "प्रत्येक ठिपका बरोब्बर मध्यावर. दीडशे वेळा. काय वय आईंचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"हात बघा किती स्थिर आहे. मी नऊ वर्षं चुकीच्या परबला शिकवतोय."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी रेंजवर पोचल्यावर सुलक्षणाने एक गोष्ट आधी उरकून घेतली. भेटेल त्याला सांगितलं. बोरिवलीहून येणारी दातांची डॉक्टर श्रुतिका, नोंदणीच्या टेबलावरचा माणूस, पाणी भरणारी शकुमावशी, सगळ्यांना. हळदीकुंकू, दीडशे, आणि आता हातात बारा नंबर.

"अय्या, काय सांगतेस!" श्रुतिकाने तिचा दंडच धरला. "अगं मग तू कशी मारणार? बारा नंबरने? मी तर घरीच गेले असते."

"मारते कशीतरी."

"बिचारी गं."

हे ऐकायला फार बरं वाटलं. इतकं चांगलं कारण आजवर कधीच मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेही आधीच. सुलक्षणाने चटई अंथरली, जाड कॅनव्हासचं जाकीट चढवलं, पालथी पडली, आणि बारा नंबरचं पहिलं काडतूस भरलं.

पहिली गोळी दहा पॉइंट तीन. दुसरी दहा पॉइंट दोन. शेजारच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटत होते. दहावी आता भलतीकडे जाणार, म्हणून ती आतून तयार राहिली. दहावी दहा पॉइंट सहा पडली. विसावी पण नीट. डोंगराकडून हलका वारा आला, तिने झेंडी बघून थोडं थांबून घेतलं. तिसावीनंतर तिला शंका यायला लागली. हा लॉट बिघडत का नाहीये? वाट बघून बघून ती कंटाळली, आणि त्या कंटाळ्यात अडतिसावी सुटली.

पडद्यावर आकडा यायच्या आधीच तिला कळलं. बोट घाबरल्यासारखं ओढलं गेलं होतं. मनात त्या क्षणी चालू होतं, की उद्या सकाळी लॅबचे रिपोर्ट कोण पाठवणार. आठ पॉइंट सात.

तिने रिकामं काडतूस बाहेर काढून तळहातावर घेतलं. ते कोमट होतं आणि अगदी निरपराध दिसत होतं. बाकी बावीस होती. तिने डोळे मिटले, उघडले. कोणी चहा मागत नव्हतं. तिने एकोणचाळिसावं भरलं.

साठावी पडली तेव्हा पन्नास मिनिटांतली चार शिल्लक होती. बेरीज आली सहाशे पाच पॉइंट तीन.

सुलक्षणा उठली नाही. चटईवरच गाल टेकवून राहिली. मग तिच्या पाठीवर कोणीतरी थापा मारल्या, ती श्रुतिका होती.

"सुलक्षणा! निघालीस की तू! अगं काय लॉट आहे गं हा बारा नंबर! आणि आम्ही मूर्ख, हातही लावला नाही. सर, बारा नंबर किती खोकी उरलीत? मला चार ठेवा!"

"मला तीन," मागून कोणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत क्लबाच्या कपाटापुढे रांग लागली. ज्या खोक्यांवर महिनाभर धूळ होती, त्यांच्यावरून दोघांची बाचाबाची झाली.

देवेशचा फोन आला. "अगं प्रांजलने क्लबाचा मेसेज बघितला! सहाशे पाच! आईच्या हळदीकुंकवाचा गुण बघ हं."

"ती काडतुसं मी वापरलीच नाहीत, देवेश."

"हो, पण भाव पोचतो ना."

सुलक्षणाने फोन ठेवला. तिचे कान तापले होते. समोर रांग, रांगेत हसरे चेहरे, प्रत्येकाच्या तोंडी बारा नंबर. एक गृहस्थ तिला सांगायला आले, की तुमच्या यशाचं रहस्य म्हणजे या लॉटचं मेण, दमट हवेत ते फार छान वागतं.

"मेण नाही," सुलक्षणा म्हणाली.

"मग वजन असणार."

"अहो, मी मारलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की रांग वळून बघायला लागली. "मी! ही बोटं, हा डोळा, हा खांदा, रात्रभर शेकलाय मी! साठच्या साठ मी मारल्या!"

भीमराज सर कपाटाच्या किल्ल्या हातात घेऊन उभे होते. ते शांतपणे जवळ आले.

"अडतिसावी?" त्यांनी विचारलं.

सुलक्षणाने खाली बघितलं. "ती पण माझीच."

"बोट?"

"बोट. आणि डोकं. डोकं लॅबमध्ये होतं."

"बरं." सरांनी मान डोलवली. "म्हणजे मॅडम, मागची नऊ वर्षं पण तुम्हीच मारत होता, असं धरायचं का?"

सुलक्षणाने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला.

"नाही सर," ती म्हणाली. "तेव्हा लॉटच खराब होते."

सरांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि ते चहा सांगायला निघून गेले.

रिक्षाने घरी येईपर्यंत सुलक्षणाला आनंद कमी आणि धाकधूक जास्त होती. सासूबाईंना काय सांगायचं? हो, तुमच्याच काडतुसांनी मारलं, असं म्हटलं असतं तर म्हातारी वर्षभर फुलून राहिली असती. सोसायटीत पहिल्यांदा उघडपणे बंदूक म्हणाली असती. शिवाय पुढच्या दसऱ्याला... पुन्हा परात, पुन्हा दीडशे टिळे. आणि त्याहून खोल काहीतरी होतं. रेंजवर शंभर माणसांदेखत जे ओरडून मागून घेतलं होतं, ते घरात येऊन परत देऊन टाकायला तिचं मन होईना.

तीन वाजत आले होते. सासूबाई खाटेच्या कडेला बसून होत्या, टीव्ही बंद. ओट्यावर ताटं झाकून ठेवलेली, दोघींची. त्या जेवल्या नव्हत्या.

"झाला?"

"झालं आई. सहाशे पाच पॉइंट तीन. जाणार मी."

म्हातारीने डोळे मिटून घेतले, मग उघडले.

"आई, एक सांगायचंय." सुलक्षणा तशीच, पिशवी खांद्याला, समोर स्टुलावर बसली. "तुम्ही पूजा केलेली काडतुसं मी वापरली नाहीत. हळद नळीत चालत नाही. ती क्लबाच्या कपाटात आहेत. आज मी दुसरीच वापरली."

"माका म्हायत हा."

"काय?"

"प्रांजलान काल सांगल्यान. तू सरांकडे गेलंस तेव्हा. वाट लागली, म्हणान सांगल्यान. माझ्या हातान तुझ्या वस्तूची नासाडी झाली." सासूबाई पदराने बोट पुसत राहिल्या. बोट अजून किंचित पिवळं होतं. "माका रात्रभर झोप नाय. म्हणून आज काय्येक करूक नाय मी. फुलां वाहूक नाय, दिवो लावूक नाय. देव्हाऱ्याकडे फिरकूक सुद्धा नाय."

सुलक्षणाने मान वळवून बघितलं. देव्हाऱ्यात खरोखरच कालची फुलं तशीच सुकली होती. या घरात आल्यापासून असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणालात देवाला?"

"लांबसूनच सांगलंय. म्हटलंय, आज तू मधी पडा नको. तिचा तिका करूंदे." सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि ताटांवरची झाकणी काढली. "आता हात धू. आणि जेवलंस की वायच आडवी हो. कोण इलो तर मी बघतंय."